‘बजेट नाही’ हे उत्तर लेखी मागा
सासूबाईंना दोन आठवडे केअर होममध्ये ठेवायची सोय मागितली, तर कौन्सिलने (तिथल्या स्थानिक प्रशासनाने) फोनवरच ‘बजेट नाही’ सांगून वाटेला लावलं, असं लिहिलंयत. ताई, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट २०१४ नुसार सांभाळणाऱ्यालाही स्वतःचं वेगळं असेसमेंट, म्हणजे आपल्या गरजांची पाहणी, मागायचा हक्क आहे, सासूबाईंनी त्यांचं करून घ्यायला नकार दिला तरी. त्यात ‘मी करते हो सगळं’ अजिबात म्हणू नका. आपल्या बायका सवयीने तेच म्हणतात आणि नेमकं तेच फॉर्मवर जातं! रात्री किती वेळा उठावं लागतं, पाठ कशी धरते, नोकरीचे तास किती कमी केलेत, सगळं सांगा. मग कौन्सिलकडे रीतसर तक्रार. तिथे दाद लागली नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा. फी नाही, पण साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं.