शेजारच्या आजोबांकडून जुनं रीलोडिंगचं सामान घेतोय, काय तपासू आणि काय नको म्हणू?

मंडळी नमस्कार, मी ओहायोत राहतो, कोलंबसपासून तासाभरावर. ग्रीन कार्ड आहे (मुद्दाम लिहितोय, नाहीतर 'तुला बंदूक ठेवता येते का' हाच पहिला प्रतिसाद येणार). चार वर्षं झाली रेंजवर जातोय, एक .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आणि एक ९ एमएम, बास एवढंच. २०२०-२१ मध्ये प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी पाडणारी टिकली) आणि काडतुसं दोन्ही बाजारातून गायब झाली होती तेव्हापासून डोक्यात होतं की रिकाम्या पुंगळ्या परत भरायला शिकायचं, पण नवं सामान घ्यायचं म्हणजे घरात आधी बजेट मंजूर व्हायला हवं.

तर आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा आहेत, ऐंशी ओलांडलेले. आजी गेल्या, आता घर विकून दोन खोल्यांच्या सीनियर अपार्टमेंटमध्ये चाललेत आणि तिथे बेसमेंट नाही. तरुणपणी दर उन्हाळ्यात कॅम्प पेरीला जायचे, लेक एरीच्या काठावर, १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा बहुतेक तिथेच भरत आलीय. परवा मला खाली घेऊन गेले. लाकडी बाक, त्याला कोपर टेकून टेकून एक खळगा पडलाय, त्यावर आरसीबीएस कंपनीचा हिरवा रॉक चकर प्रेस (पुंगळ्या भरायचं हाताचं यंत्र), शेजारी डिलन कंपनीचं निळं स्क्वेअर डील मशीन (.४५ एसीपी या मापाच्या काडतुसांचं), दांडीचा तराजू, पावडर (बंदुकीची दारू) मोजायचं यंत्र, .३०-०६, .३८ आणि .४५ या मापांचे डाय (प्रेसमध्ये बसवायचे, पुंगळीला आकार देणारे साचे), पुंगळ्या घुसळून साफ करायचा टंबलर, पीनट बटरच्या बरण्यांत निवडून ठेवलेल्या पुंगळ्या. आणि मग फळीवर उघडलेले पावडरचे सात-आठ डबे, त्यातल्या एकावर मूळ लेबलवर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने नुसतं प्रश्नचिन्ह! शिवाय त्यांनी स्वतः भरलेली चारेकशे काडतुसं.

सगळं मिळून ६०० डॉलर, 'घ्यायचं तर सगळं उचल, अर्धवट नको' असं म्हणाले. वरच्या मजल्यावर आमचं तीन वर्षांचं पोर असतं. प्रेसमध्ये नेमकं काय बघू? निळं मशीन घ्यावं का? आणि त्या डब्यांना नाही कसं म्हणू, कारण त्यांनी ते इतक्या प्रेमाने दाखवले की मी नुसती मान हलवत राहिलो.

खडूस_काका:
आधी डब्यांचं बघू, बाकी सगळं दुय्यम. उघडलेला डबा घ्यायचा नाही, लेबल असलं तरी नाही. आत तीच पावडर आहे हे आजोबांनासुद्धा छातीठोकपणे सांगता येणार नाही, वेगात जळणारी पावडर हळू जळणारीच्या डब्यात गेली की बंदूक फुटते आणि हातही जातो. प्रश्नचिन्हवाला डबा बघून मला इथे बसून घाम फुटला. जुनी पावडर नासली की आंबट उग्र वास येतो, तांबूस धूळ दिसते, पण वास चांगला आला म्हणून पावडर चांगली असंही नाही. पावडर मोजायच्या यंत्रात तळाशी काही राहिलं असेल तर तेही काढून टाक. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, सख्ख्या भावाने भरलेलं असलं तरी. प्रायमर मूळ खोक्यात, कोरडे असतील तर घे.

तराजूचं सांगतो. दांडी ज्या धारेवर टेकते तिथे धूळ-गंज नको, हलकेच हलवून सोडली की दर वेळी त्याच रेघेवर थांबली पाहिजे. खिशात निकेलचं नाणं असेलच, नवंकोरं नाणं ५ ग्रॅमचं, म्हणजे ७७ ग्रेनच्या किंचित वर. आणि पावडर ग्रेनमध्ये मोजतात, ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे बरं का! आपला तोळा इंग्रजांनी १८० ग्रेनचाच ठरवला होता, सोनाराची एक गुंज म्हणजे जेमतेम दोन ग्रेन. त्यावरून हिशोब कर की अर्ध्या गुंजेची चूक कुठे नेते.

वाळवंटातला_वऱ्हाडी:
रॉक चकर डोळे मिटून घे. ओतीव लोखंड आहे, नवा दोनशेच्या वर जातो आणि माणसापेक्षा जास्त टिकतो. हँडल खाली ओढ, दट्ट्या वर आला की बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघ, किंचित खेळ चालतो, खुळखुळ वाजत असेल तर नको. जळक्या प्रायमरची काजळी साचलेली असते, ती पुसूनच निर्णय घे. डायच्या आत बॅटरी मारून बघ, ओरखडा असेल तर प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उठतो. जुना प्रायमर पाडणारी पिन वाकलेली असली तर घाबरू नको, ती स्वस्तात मिळते. .३८ चा डाय कार्बाइडचा (फार कठीण, गुळगुळीत पदार्थाचा) आहे का विचार, असेल तर पुंगळीला तेल लावायची कटकट नाही.

निळ्या मशीनची गोम अशी की बाकी बहुतेकांचे डाय एकाच मापाच्या आट्यांचे, सात अष्टमांश इंच, कुठलेही कुठेही बसतात, पण स्क्वेअर डीलचे डाय त्याचेच वेगळे. तुझ्याकडे .४५ नाहीच, मग ९ एमएमसाठी वेगळा कन्व्हर्जन किट आणि वेगळे डाय घेत बसशील. शिवाय नवशिक्याने एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रेसवरच शिकावं. हँडल ओढलं की एक काडतूस बाहेर, अशा मशीनवर लक्ष जरा हललं की एका पुंगळीत डबल पावडर.

सदाशिव_पेठ_बाहेर:
विषयांतर होतंय पण विचारतो, असा प्रेस सुटा करून बॅगेतून भारतात आणता येईल का? मामांना हौस आहे.

खडूस_काका:
अजिबात नाही! आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रं धरलीत. एक रिकामी पुंगळी बॅगेच्या कप्प्यात राहिली तरी विमानतळावर पोलीस स्टेशनची वारी होऊ शकते. धागाकर्त्या, तूसुद्धा रेंजवर नेतोस ती बॅग गावी जाताना वापरू नकोस. आणि इथे एच-वन बीवाले वाचत असतील तर त्यांना शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने बंदूकही नाही आणि काडतूसही नाही. स्वतःपुरतं भरायला लायसन्स लागत नाही, विकायला लागतं, म्हणजे रेंजवरच्या मित्राला 'पैसे दे, भरून देतो' हे बंद.

मधुमालती_ओसरीवर:
पोराचा विषय कुणी काढलाच नाही. टंबलरमधला जुना भुसा फेकून द्या, उघड्यावर, ओला करून, त्या धुळीत प्रायमरचं शिसं असतं आणि लहान मुलांना ते फार वाईट. काम झालं की साबणाने हात, कपडे वेगळे, बेसमेंटला कुलूप. आमच्याकडे नवऱ्याला खाली खाणंपिणं बंद आहे, चहासुद्धा नाही.

आजोबांना सरळ सांगा की बायको उघडे डबे घरात येऊ देत नाही. खोटं नाहीये ना ते? आमचं नाव सांगितलं की म्हातारी माणसं वाद घालत नाहीत. आणि त्यांच्या वह्या मागा. त्यातल्या मापांवर काही भरू नका, मापं नवीन छापील मॅन्युअलमधूनच, पण मागा.

धागाकर्ता:
आज जाऊन आलो. दट्ट्यात खेळ नाही, .३८ चा डाय कार्बाइड निघाला. नाणं ठेवलं तर तराजू ७७.१ वर थांबला, आजोबा खूश, म्हणाले की हे मला कधी सुचलं नाही. निळं मशीन त्यांच्या क्लबातला कुणी .४५ वाला नेतोय. बाकीचे ३५० ठरले, त्यात एक न फोडलेलं प्रायमरचं खोकं.

डब्यांचं मधुमालतीताईंच्या सांगण्याप्रमाणे बायकोवर ढकललं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, माझीही नको म्हणायची, म्हणून तर खाली ठेवले. चिकटपट्टीवालं प्रश्नचिन्ह १९९० च्या सुमाराचं आहे म्हणे, पुसलेलं लेबल नंतर बघू म्हणून राहिलेलं! डबे आणि भरलेली काडतुसं कुठे द्यायची हे विचारायला त्यांनी माझ्यासमोरच फायर डिपार्टमेंटच्या साध्या नंबरवर फोन लावला, सोमवारी कुणीतरी येतंय.

वही मात्र दिली नाही. ती माझ्याबरोबर नव्या घरी येणार, म्हणाले.

आता एकच प्रश्न उरलाय, बाक. तो भिंतीला ठोकलेला आहे आणि प्रेस त्यातून आरपार बोल्टने कसलाय, बोल्ट गंजून घट्ट. तेल घालून रात्रभर ठेवलंय, उद्याही निघाला नाही तर कापावा का ड्रिल करावा?