स्केलिंगने दात सैल होत नाहीत

एकांनी लिहिलंय की स्केलिंग, म्हणजे डेंटिस्टकडून दात साफ करून घेतल्यावर फटी पडल्या, दात सैल झाले, त्यामुळे आता हिरड्यांतून रक्त आलं तरी डेंटिस्टकडे जाणार नाही. कृपया असं करू नका. फट आधीचीच असते, कडक कीटणाने बुजलेली. ते निघालं, सूज उतरली की ती दिसते. थोडे दिवस थंड झोंबतं, मग बहुतेकांचं कमी होतं.

डॉक्टरांना पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खाच, किती मिलिमीटर खोल आहे ते नक्की विचारा. बारीक खुणांची सळई तिच्यात अलगद सरकवून ते मोजतात. ३ पर्यंत ठीक. त्याहून खोल असेल तर भूल देऊन मुळांची सफाई, महिना-दीड महिन्याने परत मोजणी, आणि तरीही खोल राहिलं तरच फ्लॅप सर्जरीचा (हिरडी उघडून आतून सफाई) विचार. पहिल्याच भेटीत सर्जरी सांगितली तर मी दुसऱ्या पेरिओडॉन्टिस्टला (हिरड्यांच्या तज्ज्ञाला) दाखवेन.

उतरलेली हिरडी मात्र मालिशने किंवा पेस्टने वर चढत नाही. फारच त्रास असेल तर टाळूचा पातळ तुकडा घेऊन तिथे बसवतात.

घरात कुणी मिश्री लावत असेल तर जास्त जपा. तंबाखूमुळे रक्त कमी येतं, पण आतलं हाड झिजतच असतं.