महिनाअखेरीस काहीच का उरत नाही? घरच्या ग्रुपवरील चर्चा

धाकटी सून: सर्वांना नमस्कार. एक गोष्ट मोकळेपणाने विचारते. आमच्या घरात उधळपट्टी नाही, प्रत्येक खर्च मी वहीत लिहिते आणि तरीही दर दोन-तीन महिन्यांनी कोणाकडून तरी हातउसने पैसे घ्यावे लागतात. यांना कधी भरपूर काम असते, तर कधी पंधरा-पंधरा दिवस काहीच नसते. मिळकतीतले ५० टक्के गरजांसाठी, ३० टक्के हौसेसाठी आणि २० टक्के बचतीसाठी ठेवावेत, असा नियम मी बऱ्याच ठिकाणी वाचला. पण तो पाळायला गेले की पहिल्याच आठवड्यात मोडतो. माझे नेमके कुठे चुकते आहे?

मधले काका: सूनबाई, यात तुझे काही चुकलेले नाही. अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास करून १८५७ मध्येच दाखवून दिले होते की, मिळकत जितकी कमी, तितका तिचा मोठा वाटा अन्नावर जातो. अन्न, भाडे आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च यांतच बहुतेक मिळकत संपत असेल, तर उरलेल्याची टक्केवारी ठरवण्यात अर्थ नाही. तो नियम मनातून काढून टाक.

आत्या: नियम सोड, पण वही सोडू नकोस. फक्त तिच्यात एक पान वाढव. माझ्या संसाराची पहिली बारा वर्षे अशाच अनियमित मिळकतीत गेली आणि फार उशिरा माझ्या लक्षात आले की, मला खड्ड्यात घालणारे खर्च रोजचे नव्हतेच. ते वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारे होते. मुलांची फी, विम्याचा हप्ता, घराची किंवा वाहनाची डागडुजी, एखादे लग्नकार्य, चष्मा, कपडे यांतले काहीही अचानक आलेले नसते, त्यांचा महिना आपल्याला आधीपासून ठाऊक असतो, तरीही आपण त्यांना संकट म्हणतो आणि त्यांच्यासाठी कर्ज काढतो. म्हणून गेल्या वर्षभरातले असे सर्व खर्च आठवून एका पानावर लिही, त्यांची बेरीज कर आणि तिला १२ ने भाग. येईल तो आकडा दर महिन्याच्या भाड्याइतकाच पक्का खर्च आहे असे समज. ज्या महिन्यात तुला चार पैसे शिल्लक राहिल्यासारखे वाटले, त्या महिन्यात बहुधा ते शिल्लक नव्हतेच. ते पुढच्या कुठल्यातरी महिन्याचे होते.

दुसरी गोष्ट मिळकतीची. गेल्या सहा महिन्यांतला सर्वांत कमी मिळकतीचा महिना शोध आणि घर त्या आकड्यावर चालवण्याचा प्रयत्न कर, सरासरीवर नव्हे. सरासरी कागदावर बरोबर असते, पण कामाविना गेलेल्या पंधरवड्यात ती हाती येत नाही. चांगल्या महिन्यात जास्तीचे पैसे आले, तर ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावेत. ज्या खात्यातून रोजचा खर्च होतो, त्यात ते राहिले, तर टिकत नाहीत. यात कोणाच्या स्वभावाचा दोष नाही, समोर दिसणारा पैसा समोरच्या गरजेला जातो इतकेच.

दादा: आत्याचे म्हणणे पटते, पण त्याआधी मी कर्जाकडे पाहीन, कारण व्याज जात राहिले तर बाजूला टाकलेल्या पैशाने फारसे काही साधत नाही. वहिनी, मागच्या वर्षी घेतलेले कर्ज वार्षिक १२ टक्क्यांचे आहे असे सांगितले गेले होते ना? त्यातला व्याजाचा दर फ्लॅट आहे का, ते कागदावर पाहून घ्या. समजा, १२,००० घेतले आणि फ्लॅट १२ टक्क्यांनी वर्षभरात १३,४४० फेडायचे, म्हणजे महिन्याचा हप्ता १,१२० झाला. व्याज मात्र पूर्ण वर्षभर १२,००० वरच लावलेले असते, जेव्हा प्रत्यक्षात आपली बाकी दर हप्त्याला उतरत असते. घटत्या बाकीवर हिशेब केला, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. तसेच क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिना ३ टक्के हा आकडा लहान दिसतो, पण व्याजावर व्याज धरले की वर्षाला तो ४२ टक्क्यांच्या वर पोहोचतो, आणि कमीत कमी देय रक्कम भरत राहणाऱ्याचे मुद्दल जवळजवळ हलतच नाही. एवढा परतावा देणारी सुरक्षित ठेव नसते, म्हणून असे कर्ज फेडणे हीच पहिली बचत.

मधले काका: म्हणजे सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे, हेच ना?

दादा: हिशेबाने तेच बरोबर.

आत्या: हिशेबाने बरोबर आहे, पण एक अपवाद मी करीन. एखादे लहान कर्ज दोन-तीन महिन्यांत संपण्यासारखे असेल, तर ते आधी संपवावे. त्याचा हप्ता मोकळा झाला की, दर महिन्याला श्वास घ्यायला जागा होते आणि नवे हातउसने टळतात. ज्यांची मिळकत पक्की आहे, त्यांना या मोकळ्या हप्त्याचे मोल कळणे अवघड आहे.

आणि कर्जे पूर्ण फिटेपर्यंत खाते अगदी रिकामे ठेवू नये. तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतका राखीव निधी हवा, असे सांगतात. ते ऐकून माणूस सुरुवातच करत नाही. पहिले उद्दिष्ट एवढेच ठेव की, गेल्या वर्षी ज्या एका दुरुस्तीसाठी किंवा औषधांसाठी धावाधाव झाली, तेवढी रक्कम बाजूला असावी. ती वापरावी लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस, ती त्यासाठीच असते.

धाकटी सून: आणि एकदम जास्त सामान भरणे खरेच स्वस्त पडते का? हाती एकरकमी पैसे नसल्याने मी नेहमी लहान पाकिटे घेते.

दादा: पाकिटावरच्या किमतीला वजनाने भागून पाहा. दोन महिने पुरेल अशी, न नासणारी वस्तू १० टक्के स्वस्त मिळत असेल, तर ती घेणे फायद्याचेच आहे. मात्र घरात जास्त आहे म्हणून ती जास्त वापरली जात असेल, तर तो फायदा उरत नाही. सगळे एकदम भरू नका. एका महिन्यात एकच वस्तू मोठी घ्या.

मधले काका: हे सर्व दोघांनी मिळून करावे, एवढीच माझी भर. एकाने चिंता वाहायची आणि दुसऱ्याला आकडाच माहीत नाही, अशी घरे मी पाहिली आहेत. त्यात माणसे एकमेकांपासून दूर जातात.

धाकटी सून: आत्ताच आम्ही दोघांनी बसून ते पान लिहिले. बेरजेला १२ ने भागल्यावर जो आकडा आला, तो आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी घेत असलेल्या उसन्या पैशांच्या अगदी जवळचा आहे. इतके दिवस मी किराण्यात काटकसर करत बसले होते. कर्जाचा कागदही पाहिला, त्यावर फ्लॅट असेच लिहिले आहे, आणि हप्त्याची तारीख यांचे पैसे हाती येण्याच्या चार दिवस आधीची आहे, त्यामुळे दर वेळी दंड पडतो.

आत्या: तारीख पुढे घेता येते का, ते उद्याच लेखी विचारा, आणि मुदतीपूर्वी फेडल्यास व्याजात किती सूट मिळते, हेही त्याच अर्जात विचारा. मजकूर मी रात्री लिहून इथेच पाठवते.