मदत हवी आहे: २०२१ चा एनएफएल ड्राफ्ट, पाचवी निवड, बेंगल्स. टॅकल सूएल की रिसीव्हर चेस?

तिसरा_डाउन

मंडळी, अमेरिकन फुटबॉलच्या जाणकारांची मदत हवी आहे. आमच्या गटात एनएफएल या व्यावसायिक लीगचे जुने ड्राफ्ट (कॉलेजातले खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायचा वार्षिक कार्यक्रम) पुन्हा मांडायचा उपक्रम चालतो. प्रत्येकाकडे एक संघ असतो आणि केलेल्या निवडीचं लेखी समर्थन द्यावं लागतं. या खेपेला २०२१ चा ड्राफ्ट आहे, माझ्याकडे सिनसिनाटी बेंगल्स. पहिल्या टप्प्यात २९ एप्रिल २०२१ च्या संध्याकाळपर्यंत जे ठाऊक होतं तेवढ्यावरच बोलायचं. पुढे काय झालं ते दुसऱ्या टप्प्यात.

पहिले चार गेले आहेत: लॉरेन्स, विल्सन आणि लान्स हे तीन क्वार्टरबॅक (पास फेकणारे), चौथा टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) काइल पिट्स. पाचव्या क्रमांकावर माझ्यासमोर ओरेगन विद्यापीठाचा लेफ्ट टॅकल (क्वार्टरबॅकला डाव्या कडेने येणाऱ्यांपासून वाचवणारा) पनेई सूएल आणि एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) रिसीव्हर (पास झेलणारा) जमार चेस. संघाची २०२० ची कामगिरी ४-११-१ (विजय-पराभव-बरोबरी). क्वार्टरबॅक जो बरो दहा सामन्यांत ३२ वेळा सॅक झाला (पास फेकण्याआधीच पाडला गेला) आणि २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये त्याचा डावा गुडघा गेला. हे आकडे बघितले की हात आपोआप टॅकलकडे जातो. पण गटातले दोघे अनुभवी लोक चेसच्या बाजूने आहेत आणि मला त्यांचं म्हणणं खोडताही येत नाही, पटतही नाही. अशा वेळी नेमकं काय तपासायचं, कुठल्या क्रमाने?

अटकेपार

सर्वात आधी दोन खेळाडूंची तुलना थांबवा आणि दोन जोड्यांची करा. तुमच्याकडे पाचवी निवड आहे आणि दुसऱ्या राउंडमध्ये ३८ वी. म्हणजे निवड अशी आहे: सूएल आणि ३८ वर मिळेल तो रिसीव्हर, की चेस आणि ३८ वर मिळेल तो लाइनमन (पुढच्या फळीतले दोन कडेचे टॅकल, आतले दोन गार्ड आणि मधला सेंटर यांपैकी एक)? कागदावर दोन रकाने करा आणि ३० ते ६५ या टप्प्यात कोण उरेल याचा अंदाज लिहा.

लाइनमनच्या रकान्यात त्या वर्षी भरपूर नावं येतात: टेव्हन जेंकिन्स, लियम आयकनबर्ग, वॉकर लिटल, सॅम कॉस्मी, डिलन रेडन्झ, जॅक्सन कारमन, सेंटरमध्ये क्रीड हम्फ्री आणि लँडन डिकर्सन. रिसीव्हरच्या रकान्यात एलायजा मूर, रॉन्डेल मूर, टूटू अ‍ॅटवेल. तिघेही उंचीने कमी, आत स्लॉटमध्ये, म्हणजे लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत खेळणारे. बेंगल्सकडे स्लॉटला टायलर बॉइड आहेच. ए. जे. ग्रीन अ‍ॅरिझोनाला गेल्यामुळे जागा रिकामी झाली आहे ती बाहेरची, आणि टी हिगिन्ससमोर दुसऱ्या कडेला एकट्याने कॉर्नरला (रिसीव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) हरवणारा माणूस हवा आहे. तसा ३८ वर मिळणं अवघड. टेरेस मार्शल अंगाने बसतो, पण त्याच्या पायाच्या दुखापतींची नोंद आहे. जोडी म्हणून चेस आणि लाइनमन हीच मला जड वाटते.

दुसरं काम सॅक फोडून बघायचं. ३२ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. प्रत्येक सॅकचं चित्रण लावा, स्नॅपपासून (चेंडू खेळात येतो त्या क्षणापासून) घड्याळ चालू करा आणि चार ढीग करा. अडीच सेकंदांच्या आत टॅकल हरला, अडीचच्या आत गार्ड किंवा सेंटर हरला, ब्लिट्झमध्ये (समोरचे नेहमीपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर धाडतात तेव्हा) एक माणूस कुणीच उचलला नाही, आणि तीन सेकंद उलटून गेले तरी चेंडू हातातच राहिला. सूएल यातला फक्त पहिला ढीग कमी करतो. तिसरा ढीग सेंटरच्या इशाऱ्यांचा आणि रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) जबाबदारीचा आहे. चौथा बऱ्याचदा रिसीव्हर मोकळा न झाल्याचा असतो, आणि तो चेस कमी करतो.

दुसऱ्या ढिगाकडे विशेष बघा. कडेने येणाऱ्या माणसाला क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून चुकवू शकतो, टॅकलही त्याला मागे वळवून नेतो. मधून भिंत कोसळली की पुढे सरकायला जागाच उरत नाही. बेंगल्सचं खरं दुखणं मधलं होतं. डावा टॅकल जोना विल्यम्स २०१९ ची अकरावी निवड. उजवीकडे मार्चमध्येच रायली रीफला एका वर्षासाठी ७५ लाख डॉलर देऊन आणलं. सूएल घेतला तर पहिल्या वर्षी एकतर तो गार्डवर जाणार किंवा या दोघांपैकी एक. पाचव्या क्रमांकाची निवड गार्डवर खर्च करणं मला मान्य नाही.

पैशांचा मुद्दा थोडक्यात. पाचव्या निवडीचा चार वर्षांचा करार निवडीच्या क्रमांकाप्रमाणे ठरलेला असतो, खेळाडू कुठल्याही स्थानाचा असो. म्हणून बाजारात महाग असलेलं स्थान घेतलं की बचत जास्त. एप्रिल २०२१ मध्ये टॅकलचा वरचा भाव वर्षाला सुमारे २.३ कोटी डॉलर (ट्रेंट विल्यम्स), रिसीव्हरचा २.७ कोटी (डीआंद्रे हॉपकिन्स). झुकाव रिसीव्हरकडे आहे, पण निकाल लावण्याएवढा नाही.

मधली_फळी

अटकेपार, जोड्यांची पद्धत योग्यच. पण तीच पद्धत एका वर्षाऐवजी सात-आठ वर्षांवर लावली तर उत्तर उलटं येतं. दुसऱ्या राउंडमधले रिसीव्हर बघा: २०१४ मध्ये डवांटे अ‍ॅडम्स ५३ वा, २०१६ मध्ये मायकल थॉमस ४७ वा, २०१९ मध्ये डीबो सॅम्युअल ३६, ए. जे. ब्राउन ५१, डीके मेटकाफ ६४. तुमचा हिगिन्ससुद्धा ३३ वा. कॉलेज फुटबॉल आता मैदानभर पसरून पास खेळतं, त्यामुळे तयार रिसीव्हर दर वर्षी येतात. साडेसहा फुटांच्या आसपासचा, तीनशे पौंडांच्या वरचा आणि तरीही मागे सरकताना पाय न अडकणारा माणूस दुर्मीळ. डेव्हिड बाख्तियारी चौथ्या राउंडमध्ये मिळाला, पण त्याच्यावर योजना आखता येत नाही.

टॅकलच्या जागा भरलेल्या आहेत हेही मला पटत नाही. रीफ ३२ वर्षांचा, करार एका वर्षाचा. जोना विल्यम्स २०१९ चा अख्खा हंगाम खांद्यामुळे बाहेर, २०२० मध्ये दहाच सामने. यातला एक पडला की तिसरा टॅकल कोण, हे नाव लिहून दाखवा. लाइनमध्ये सर्वात कच्चा माणूस पाचही जणांची किंमत ठरवतो, कारण समोरचा प्रशिक्षक आपला सर्वोत्तम पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) नेमका त्याच्यासमोर आणून उभा करतो. रिसीव्हरमध्ये असं नसतं. तिसरा कमकुवत असला तर त्याच्याकडे चेंडू फेकायचाच नाही.

तिसरा_डाउन, समर्थन लिहिताना जोखीम सारखी धरू नका. रिसीव्हरची निवड फसली तर काही पास वाया जातील. टॅकल फसला तर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर तीनशे पौंड पडतील. सूएल २० वर्षांचा आहे आणि २०१९ ची आउटलँड ट्रॉफी (कॉलेजातल्या सर्वोत्तम लाइनमनची) त्याच्या नावावर आहे. हातांची लांबी ३३ इंचांच्या जराच वर भरली म्हणून काहींनी नाक मुरडलं, टॅकलला ३४ हवी म्हणतात. पण त्याचे पाय ती उणीव भरून काढतात.

सह्यवारा

मधेच एक प्रश्न. चेस आणि बरो एलएसयूमध्ये एकत्र खेळले, हा मुद्दा सगळे आणतात. त्याला निवडीत खरंच वजन द्यावं का? की तो नुसता भावनेचा भाग?

अटकेपार

वजन द्यावं, पण जिथे लागू आहे तिथेच. २०१९ मध्ये चेसचे ८४ झेल, १,७८० यार्ड, २० टचडाउन, त्यातले बरेचसे कडेच्या रेषेजवळच्या लांब पासवर. त्या पासमध्ये रिसीव्हर वळण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असतो. बचावपटू पुढे धावतोय की अंगावर आहे, हे दोघांनी एकाच क्षणी सारखंच वाचावं लागतं, नाहीतर चेंडू सरळ विरोधी कॉर्नरच्या हातात. ही समज नव्या जोडीला यायला वेळ लागतो. इथे ती आयती आहे. चेंडू लवकर सुटणार म्हणजे लाइनवरचा भारही थोडा हलका. मात्र चेस २०२० मध्ये खेळलाच नाही. सूएलही नाही, म्हणून ती शंका दोन्ही रकान्यांत सारखी.

मधली_फळी, सात-आठ वर्षांचा कल मान्य. पण ड्राफ्टमध्ये निवडायचं असतं त्या वर्षीच्या यादीतून. आणि लाइनमन म्हणजे सुरक्षित निवड, हे बेंगल्सनी तरी म्हणू नये. २०१५ मध्ये पहिल्या दोन्ही राउंडमध्ये त्यांनी टॅकल घेतले, सेड्रिक ओगबुएही आणि जेक फिशर. दोघांपैकी एकही टिकला नाही. २०१८ मध्ये सेंटर बिली प्राइस, तीच गत. रिसीव्हरमध्येही २०१७ चा नववा जॉन रॉस आहेच. यातून मी एवढंच घेतो की लाइनचे प्रशिक्षक कोण हे आधी बघावं. फ्रँक पोलॅक जानेवारीत परत आले आहेत, म्हणून दुसऱ्या राउंडचा लाइनमन घडवण्यावर भिस्त ठेवता येते.

दोघांनाही लागू पडेल असं उदाहरण हवं असेल तर २००७ घ्या. डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन घेतला, क्लीव्हलँडने तिसऱ्यावर टॅकल जो थॉमस. दोन्ही निवडी अचूक. तरी जॉन्सनच्या वाट्याला प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधला) एकही विजय आला नाही आणि थॉमसला प्लेऑफचा एक सामनासुद्धा मिळाला नाही. दोन्ही संघांची घडी मुळात नीट नव्हती. तुमच्याकडे बरो आहे, त्यामुळे दोनपैकी कुठल्याही निवडीचा उपयोग होईल. प्रश्न कुठल्या निवडीचा जास्त, एवढाच.

तिसरा_डाउन

दोघांचेही आभार. पहिल्या टप्प्यात चेसच्या बाजूने लिहितो, मधली_फळींची तिसऱ्या टॅकलची हरकत मात्र जशीच्या तशी नोंदवतो. आता दुसऱ्या टप्प्याबद्दल सांगा. नंतर जे झालं त्याने कुणाचं म्हणणं खरं ठरलं?

मधली_फळी

माझी हरकत खरी ठरली, पण निष्कर्ष नाही. चेसने पहिल्या वर्षी ८१ झेल, १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. संघ १०-७ होऊन थेट सुपर बोलला (अंतिम सामन्याला) गेला. त्याच हंगामात बरो ५१ वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक, आणि प्लेऑफ धरून ७०. रीफ डिसेंबरमध्ये जायबंदी झाला आणि सुपर बोलमध्ये उजवा टॅकल म्हणून आयझाया प्रिन्स उभा होता. प्रतिस्पर्धी रॅम्सचा व्हॉन मिलर कडेने दोन सॅक घेऊन गेला. त्या जागी सूएल असता तर, हे वाटणं साहजिक आहे.

अटकेपार

साहजिक आहे, पण बाकीचे सॅकही बघा. प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध बरो नऊ वेळा पडला. त्यातले तीन जेफरी सिमन्सचे, तो मधून येणारा. सुपर बोलमध्ये एकूण सात, आणि २३-२० असा निकाल लागला त्या शेवटच्या चौथ्या डाउनला (चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) रॅम्सचा अ‍ॅरन डोनल्ड डाव्या गार्डला मागे टाकून बरोपर्यंत पोचला. मोक्याच्या जागी मार मधूनच बसला. टॅकलवर सूएल असून तो थांबला नसता.

म्हणून पाचवी निवड चुकली असं मी म्हणणार नाही. चूक झाली ती ४६ वर. तिथे त्यांनी कारमन घेतला, क्लेमसनचा लेफ्ट टॅकल, त्याला गार्ड करायच्या बेताने. टॅकलला बाहेर मोकळी जागा असते. गार्डला स्नॅप झाल्याबरोबर समोरचा अंगावर येतो, हात पहिल्या क्षणी छातीवर पडावे लागतात. कारमनला ते जमलं नाही. कॉस्मी ५१ वर गेला, हम्फ्री ६३ वर कॅन्सस सिटीला, आणि पुढे तो ऑल-प्रो (लीगच्या त्या वर्षीच्या सर्वोत्तमांत निवडलेला) सेंटर झाला. बेंगल्सचा सेंटर ट्रे हॉपकिन्स जानेवारीतच गुडघ्याने गेला होता, म्हणजे ही गरज एप्रिलमध्ये दिसत होती. २०२२ मध्ये ती दुरुस्ती बाजारातून करावी लागली: गार्ड अ‍ॅलेक्स कॅपा चार वर्षांसाठी साडेतीन कोटी, सेंटर टेड कॅरस तीन वर्षांसाठी १.८ कोटी डॉलर.

सूएल आणि नंतरचा रिसीव्हर ही पहिली जोडी प्रत्यक्षात वठली ती डेट्रॉइटला. सातव्या क्रमांकावर सूएल आणि चौथ्या राउंडमध्ये ११२ वा आमोन-रा सेंट ब्राउन. दोघेही ऑल-प्रो झाले. संघ २०२३ मध्ये १२-५, २०२४ मध्ये १५-२. आणि १११ वी निवड कुणाची होती? बेंगल्सचीच. पण सेंट ब्राउनच्या आधी सोळा रिसीव्हर गेले होते, त्यामुळे तो सापडेल असं गृहीत धरून कुणाचाच रकाना भरता आला नसता.

तिसरा_डाउन

शेवटची शंका. आमच्या मांडणीतही ३८ वर न्यू इंग्लंडवाला अदलाबदल मागतोय: ४६, १२२ आणि १३९ देतो म्हणतो. घेऊ का?

अटकेपार

प्रत्यक्षात झालेला व्यवहार हाच. घेण्याआधी तुम्हाला चालतील अशा लाइनमनची नावं क्रमाने लिहा. आठ जागा खाली सरकताना खऱ्या ड्राफ्टमध्ये जेंकिन्स ३९, आयकनबर्ग ४२ आणि लिटल ४५ असे तीन टॅकल हातचे गेले. यादीत चार किंवा जास्त नावं असतील तर खाली जा, एखादा उरेलच. फक्त टॅकल लिहू नका, कॉस्मीबरोबर हम्फ्रीही यादीत ठेवा. दोनच नावं पटत असतील तर ३८ सोडू नका. १२२ आणि १३९ वर मिळणारे लाइनमन पहिल्या वर्षी सहसा बाकावरच बसतात.

मधली_फळी

अनुमोदन. आणि ४६ वर टॅकल घेऊन त्याला गार्ड करायचा विचार असेल, तर तो कॉलेजात आत खेळलेला आहे का हे आधी बघा. नसेल तर हम्फ्री घ्या आणि हॉपकिन्स सावरेपर्यंत त्यालाच सेंटरवर ठेवा.