दोन सायकलींसाठी स्वस्त पण टिकाऊ उभा पंप कसा निवडावा?

प्रश्न

नमस्कार. घरात दोन सायकली आहेत. माझ्या सायकलीचे टायर 28 मिलिमीटर रुंदीचे असून त्यांना प्रेस्टा व्हॉल्व्ह, म्हणजे टोकाला बारीक नट असलेले सडपातळ व्हॉल्व्ह आहेत, तर मुलीच्या सायकलीचे टायर जाड, 2.1 इंचांचे असून त्यांचे व्हॉल्व्ह मोटारीसारखे, म्हणजे श्रेडर आहेत. हातपंपाने हवा भरता भरता दंड भरून येतात आणि तरीही दाब किती झाला हे कळत नाही, म्हणून जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी चालवायचा पंप घ्यावा असे ठरवले आहे. स्वस्त पंपांच्या खोक्यांवरही 160 पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला हवेचा दाब) असे ठळक छापलेले दिसते. हा आकडा पाहून निवड करावी का? नसल्यास नेमके काय पाहावे?

प्रतिसाद 1

तो आकडा आपल्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. 28 मिलिमीटरच्या टायरला चालवणाऱ्याच्या वजनानुसार साधारण 60 ते 85 पीएसआय पुरतात आणि मुलीच्या जाड टायरला 30 च्या आसपास. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये.

त्यापेक्षा नळकांड्याचा व्यास पाहा, कारण मेहनत त्यावर ठरते. 80 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 5.6 किलो भार. आतला व्यास 38 मिलिमीटर असेल तर शेवटी शेवटी दट्ट्या खाली ढकलताना त्यावर जवळपास 64 किलोंचा जोर लावावा लागतो. तोच व्यास 28 मिलिमीटर असेल तर साधारण 35 किलोंत भागते. उलट, जाड नळकांडे दट्ट्या एकदा दाबला की जवळजवळ दुप्पट हवा ढकलते, त्यामुळे मुलीचा टायर लवकर भरेल. आपल्या दोन्ही सायकलींचा विचार करता मी मधल्या, म्हणजे 30 ते 32 मिलिमीटर व्यासाचा पंप घेईन. मुलगी स्वतः हवा भरणार असेल, तर याहून जाड नळकांडे नकोच.

दाबमापकाबाबत थोडे सावध राहावे. साध्या मापकांचे वाचन तबकडीच्या मध्यभागी त्यातल्या त्यात विश्वासार्ह असते, आणि 160 च्या तबकडीवर 30 पीएसआय अगदी सुरुवातीच्या कोपऱ्यात येतात. तेथे चार-पाच पीएसआयची चूक झाली तरी जाड टायरच्या बाबतीत ती सहज जाणवते. म्हणून 100 ते 120 पर्यंतची, मोठ्या अंकांची तबकडी मिळाल्यास उत्तम. शिवाय प्रेस्टा व्हॉल्व्ह आतील दाबाने बंद राहत असल्यामुळे पंप लावल्याबरोबर काटा टायरचा दाब दाखवीलच असे नाही; दट्ट्या एक-दोनदा दाबल्यावर व्हॉल्व्ह उघडतो आणि मगच वाचन ग्राह्य धरावे.

प्रतिसाद 2

वरील मुद्द्यांशी सहमत आहे, परंतु माझ्या अनुभवात स्वस्त पंप नळकांड्यापाशी नव्हे, तर तोंडापाशी, म्हणजे व्हॉल्व्हवर बसणाऱ्या भागापाशी हार मानतात. माझ्या पहिल्या पंपाच्या तोंडातील रबर वर्षभरात झिजले, ते वेगळे मिळेना, आणि बाकी पंप धडधाकट असूनही अडगळीत गेला. तेव्हा तोंडातील रबर आणि दट्ट्याचा वॉशर सुटा मिळतो का, हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. प्रेस्टा व श्रेडरसाठी दोन वेगळी छिद्रे असलेले तोंड दिसायला ओबडधोबड असले तरी त्यातले रबर उलटसुलट करत बसावे लागत नाही. पाया धातूचा व रुंद असावा. प्लास्टिकचा अरुंद पाया जोर लावताना डगमगतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मधल्या व्यासाचा आणि दुहेरी तोंडाचा पंप शोधतो. एक शंका उरते: शेजाऱ्यांचा असाच पंप माझ्या चाकाला लावला की हवा आत जाण्याऐवजी फुसफुसत बाहेर येते. दोष पंपाचा की माझा?

प्रतिसाद 2

बहुधा पद्धतीचा. प्रेस्टाच्या टोकावरील बारीक नट पूर्ण सैल करावा, टोक बोटाने क्षणभर दाबून मोकळे करावे, मग तोंड सरळ आत ढकलून खटका लावावा. काढतानाही ते वाकडे ओढू नये, नाहीतर ती बारीक पिन वाकते. एवढे करूनही हवा सुटत असेल, तर तोंडातील रबर झिजले आहे असे समजावे.

प्रतिसाद 1

आणि दाब देताना काटा वाढतो पण दट्ट्या आपोआप वर येऊ लागतो, असे त्या पंपात होत असेल, तर पायथ्याचा एकमार्गी व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे नीट बसत नाही. तो उघडून पुसावा, आणि वॉशरला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा.