कैल पाईनखालची पिवळी बुळबुळीत अळंबी: सुइलस आहे, पण कोणती?

रानवाट

ठिकाण मनालीजवळचं, उंची साधारण 2,100 मीटर, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. देवदार आणि पाईनचं मिश्र जंगल. पाईनच्या कुजणाऱ्या सुयांच्या थरातून पाच-सहा अळंब्या वर आल्या होत्या.

टोपी 4 ते 8 सेंमी, पिवळी, वर तांबूस-तपकिरी डाग. ओली असताना इतकी बुळबुळीत की बोटाला तार सुटते. कडेला मळकट पांढऱ्या कापसासारख्या चिंध्या लोंबत होत्या. टोपीखाली कल्ले (पातळ उभ्या पात्या) नाहीत, स्पंजसारखी पिवळी छिद्रं आहेत. छिद्रं गोल नसून कोनदार, देठाकडे लांबट होत गेलेली. देठ सेंटिमीटरभर जाड, पिवळा, वरपासून खालपर्यंत तपकिरी ठिपके. कापल्यावर गर पिवळा होता, निळा झाला नाही, थोड्या वेळाने मळकट गुलाबी-तपकिरी झाला.

अळंबी ओळखणाऱ्या ॲपने एका फोटोला सुइलस ल्युटियस म्हटलं, दुसऱ्याला सुइलस ग्रॅन्युलॅटस. दोन्ही सुइलस या एकाच प्रजातीतल्या जाती. खायची नाही, नोंद करायची आहे. दोन नमुने कागदी पिशवीत ठेवलेत. नक्की ओळख पटवायला पुढे काय करावं?

कवकमित्र

खाली छिद्रं, वर चिकट टोपी, देठावर ठिपके आणि शेजारी पाईन. एवढ्यावर सुइलस म्हणायला हरकत नाही. माझा कल ग्रॅन्युलॅटसकडे. देठावरचे ठिपके हीच तिची खूण, आणि ल्युटियसच्या देठावरचं ठळक वलय इथे दिसत नाही.

सूचिपर्णी

ग्रॅन्युलॅटस जमत नाही. कडेच्या चिंध्या पाहा. कोवळेपणी छिद्रांवर जो पडदा असतो, त्याचे ते तुकडे आहेत. ग्रॅन्युलॅटसला असा पडदाच नसतो, त्यामुळे टोपीची कड साफ असते. शिवाय तिच्या कोवळ्या छिद्रांवर दुधाळ थेंब दिसतात आणि ठिपके देठाच्या वरच्या भागात जास्त असतात. ठिपके ही एका जातीची खूण नाही, सुइलसच्या कितीतरी जातींना ते असतात. ल्युटियसही बाद, कारण तिचं वलय रुंद पापुद्र्यासारखं लोंबतं आणि त्याची खालची बाजू जांभळट होते.

पण सगळ्यात आधी सुया मोजा. सुइलस पाईनच्या कोवळ्या मुळांभोवती बुरशीचं म्यान विणते, झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, बदल्यात साखर घेते. हे नातं बहुतेक जातींत पाईनच्या ठरावीक गटाशीच जुळतं. एका जुडग्यात दोन सुया, तीन की पाच, यावर निम्मी यादी गळून पडते.

पश्चिम हिमालयात नैसर्गिक पाईन तीन. चीड: तीन सुया, 20 ते 30 सेंमी लांब, मुख्यतः 2,000 मीटरच्या खाली. चिलगोजा: तीन सुया, पण आखूड, आणि तो कोरड्या आतल्या खोऱ्यांत. कैल: पाच सुया, मऊ, लोंबणाऱ्या, साधारण 1,800 मीटरपासून वर. दोन सुयांचा नैसर्गिक पाईन तिथे नाहीच. ल्युटियस आणि ग्रॅन्युलॅटस या मुख्यतः युरोपातल्या दोन सुयांच्या पाईनखालच्या. युरोपीय फोटोंवर शिकलेलं ॲप तीच दोन नावं पुढे करणार.

मोजताना एक चूक हमखास होते. चिडाच्या जुडग्याच्या तळाचं आवरण टिकून राहतं, म्हणून जमिनीवरही तीन सुया एकत्र सापडतात. कैलाचं आवरण लवकर गळतं, त्यामुळे खाली पडलेल्या सुया सुट्या झालेल्या असू शकतात आणि दोन-तीनच हाती लागतात. म्हणून डहाळीवरच्या जुडग्यात मोजा, निदान दहा जुडगी. आणि फक्त अळंबीला टेकलेलं झाड पाहू नका. मुळं फांद्यांच्या घेराबाहेर बरीच लांब जातात, 15-20 मीटरच्या परिघातली सगळी पाईन बघा. देवदाराच्या आखूड सुया झुबक्यांनी येतात, त्या या मोजणीत धरायच्या नाहीत.

पाच सुया निघाल्या, तर तुमचं वर्णन सुइलस सिबिरिकसशी चांगलं जुळतं: पिवळी टोपी, तांबूस डाग, कडेला पडद्याचे तुकडे, मोठी कोनदार छिद्रं, देठभर ठिपके, गुलाबी-तपकिरी पडणारा गर. तीन निघाल्या, तर चिडाखालून वर्णन झालेली सुइलस ट्रायअसिक्युलॅरिस तपासायला हवी. तिचं नावच तीन सुयांवरून आहे.

रानवाट

डहाळीचे फोटो मोठे करून पाहिले. बारा जुडगी मोजली, सगळ्यांत पाच. आसपास चीड नाही.

टोपीतून गळणाऱ्या बीजाणूंचा ठसा घ्यायचा प्रयत्न केला. कागदावर नुसता चिकट डाग पडला, रंगच कळत नाही.

सूक्ष्मदर्शी

सुइलसमध्ये असं होतंच. टोपी पाण्याने भरलेली असते आणि कागद ते पाणी शोषून घेतो. काच वापरा.

अळी न लागलेली, पूर्ण उघडलेली पण न लिबलिबलेली टोपी निवडा. देठ छिद्रांच्या पातळीत कापा. टोपी वरून टिपकागदाने टिपून घ्या आणि छिद्रं खाली करून काचेवर ठेवा. काचेखाली अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद सरकवा. वर वाटी उपडी घाला, पण कडेला काडी अडकवून फट ठेवा. पूर्ण बंद केली की आत दव धरतं आणि पुन्हा तोच चिखल. सहा ते बारा तास पुरतात. त्याहून जास्त ठेवली की पावसाळी हवेत ठशावर बुरशी चढते. सुइलसचा ठसा गेरू ते दालचिनीच्या रंगाच्या आसपासचा येतो. पातळ ठसा नेहमी फिका भासतो, म्हणून ब्लेडने खरवडून ढीग करा आणि मग रंग नोंदवा.

दुसरा नमुना आजच वाळवायला टाका. सुइलस एका रात्रीत पाझरायला लागते. उभे चार-पाच मिलीमीटरचे काप करा, निदान एका कापात टोपी, छिद्रं आणि देठ सलग राहू दे. 40 ते 45 अंशांवर पंख्याच्या ड्रायरमध्ये, काप कुरकुरीत तुटेपर्यंत. पावसाळ्यातलं ऊन पुरत नाही, काप आतून कुजतात. आणि घाईने ओव्हनचं तापमान वाढवू नका, भाजलेल्या कापातला डीएनए तुटतो. वाळलं की लगेच सिलिका जेलसह झिप पिशवीत. डीएनएसाठी टोपीच्या आतल्या गराचा मसुराएवढा तुकडा वेगळा काढा. वरच्या सालीचा घेऊ नका, त्या चिकटपणाला इतर बुरश्यांचे बीजाणू लागलेले असतात.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर तीन ते पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये छिद्रांच्या तोंडाजवळचा पातळ काप बघा. हातमोजे घाला, हे द्रावण त्वचा आणि डोळ्यांना इजा करतं. लांबट पेशींचे झुबके दिसतील, त्यांच्यावर तपकिरी थर चढलेला असेल. देठावरचे ठिपके म्हणजेही असेच झुबके. नंतर तेलाचा थेंब टाकून वापरायच्या जास्त ताकदीच्या भिंगाखाली ठशातले 20-30 बीजाणू मोजा. आडवे पडलेले, कडेने दिसणारेच घ्या, टोकाकडून दिसणारा बीजाणू आखूड वाटतो. सिबिरिकसचे साधारण 8 ते 11 मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) लांब आणि 4 च्या आसपास रुंद असतात. अर्थात, एकट्या बीजाणूवरून सुइलसची जात ठरत नाही, मापं एकमेकांत फार मिसळतात.

कवकमित्र

कडेच्या चिंध्या नजरेतून सुटल्या, ग्रॅन्युलॅटस मागे घेतो. एक शंका: त्याच जंगलात कल्ले असलेल्या, मळकट विटकरी अळंब्याही असतात. कल्ले म्हणजे कूळ वेगळं, असंच धरायचं ना?

सूचिपर्णी

कूळ वेगळं, पण नातं जवळचं. सुइलस ही सुइलेसी कुळातली, गण बोलेटेलीस. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ल्युटियस आणि ग्रॅन्युलॅटस दोन्ही बोलेटस या प्रजातीत घातल्या होत्या, कारण तेव्हा छिद्रं दिसली की बोलेटस. 1796 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ रूसेलने त्या सुइलसमध्ये आणल्या. पाईनखालची क्रूगॉम्फस, जिला ठळक कल्ले असतात, ती खऱ्या बोलेटसपेक्षा सुइलसच्या जास्त जवळची आहे. ती सुइलससारख्या बुरशीच्या जाळ्यावरच पोसली जाते, म्हणून दोघी शेजारी उगवतात. ठसा घेतला की फरक लगेच कळतो, क्रूगॉम्फसचा जवळजवळ काळा येतो.

याच गणात पॅक्सिलस इन्व्होल्युटसही आहे. तपकिरी, कड आत वळलेली, कल्ले नखाने गरापासून सुटून येतात. युरोपात ती शिजवून खाल्ली जायची. 1944 मध्ये जर्मन कवकशास्त्रज्ञ युलियुस शेफर तीच खाऊन दगावले. तिच्यामुळे काहींच्या शरीरात स्वतःच्याच तांबड्या पेशी फुटू लागतात, आणि आधी अनेकदा पचली म्हणून पुढच्या वेळी पचेल असं नसतं. पाईनखालचं तपकिरी ते सगळं सुइलस, असं धरून कुणी टोपलीत टाकू नये, म्हणून हे इथे लिहिलं.

रानवाट, नावाबद्दल एक गोष्ट. उत्तर अमेरिकेत पाच सुयांच्या पाईनखाली सुइलस अमेरिकॅनस येते. डीएनए तुलनेनंतर काही अभ्यासक सिबिरिकसला तिच्यातच धरतात. कैल आणि अमेरिकेतला पांढरा पाईन हे जवळचे नातलग आहेत, तेव्हा त्यांच्या मुळांवरच्या बुरश्याही नात्यातल्या निघाल्या तर नवल नाही. म्हणून आज चिठ्ठीवर "सिबिरिकसशी तुलनीय" लिहा, "सिबिरिकस" नको. आयटीएस क्रम (बुरशीची जात ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) मिळाला की नाव बदलता येतं. त्या दिवशीचं यजमान झाड, गराचा रंग आणि कडेच्या चिंध्या मात्र वाळलेल्या कापातून परत काढता येत नाहीत.

रानवाट

काचेवरचा ठसा आला. खरवडल्यावर दालचिनीसारखा तपकिरी. चिठ्ठी अशी केली आहे:

"सुइलस, सिबिरिकसशी तुलनीय. मनालीजवळ, सु. 2,100 मी., ऑगस्टअखेर. कैल, डहाळीवर 12 जुडगी मोजली, प्रत्येकी 5 सुया. 20 मीटरच्या आत चीड नाही, देवदार आहे. टोपी 4-8 सेंमी, पिवळी, तांबूस डाग, कडेला पडद्याचे तुकडे. छिद्रं कोनदार. देठभर ठिपके, वलय नाही. गर पिवळा, हवेत गुलाबी-तपकिरी, निळा नाही. ठसा दालचिनी-तपकिरी. एक नमुना ठशासाठी वापरला, एक वाळवला."

सूक्ष्मदर्शी

गराचा रंग बदलायला किती मिनिटं लागली तेही लिहा. आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून पिशवीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली सुटून येते.