आयसीएल (नंबर घालवायला डोळ्यात बसवायची लेन्स): एका ठिकाणी ‘जागा भरपूर’, दुसऱ्या ठिकाणी ‘जागाच नाही’. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी चोपड्याकडचा, वय २७, घरची केळी आहे आणि सोबत एका दुकानाचं अकाउंटचं काम बघतो. चष्म्याचा नंबर उजवा मायनस साडेतेरा, डावा मायनस पंधरा आणि डाव्याला वरून दोनचा सिलिंडर (तिरपा नंबर). दोन वर्षांपासून नंबर वाढलेला नाही. चष्मा काढला तर मोबाईल नाकापासून चार बोटांवर धरला तरच अक्षर लागतं. सकाळी उठलो की आधी खाटेवर चाचपडायचं, चष्मा सापडला की मग दिवस सुरू. शाळेत पोरं सोडावॉटर म्हणायची, त्याचं आता काही वाटत नाही पण केळी कापणीला घाम येऊन चष्मा नाकावरून घसरतो, हाताला केळीचा चीक असतो, त्याच हाताने वर ढकलला की काचेवर काळपट डाग पडतो तो पडतोच. कॉन्टॅक्ट लेन्स कामाशिवायच्या दिवशी घालतो, पण आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन माहितीये तुम्हाला, दुपारपर्यंत डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं.

लेसिकला (लेसरने नंबर काढायला) जळगाव-नाशिक दोन्हीकडे नाही म्हणाले, कॉर्निया म्हणजे डोळ्याचं पुढचं पारदर्शक कवच पातळ आहे (डावा ४७० मायक्रॉन) आणि एवढा नंबर घासून काढण्याइतकी जाडीच नाही. म्हणून आयसीएल. म्हणजे डोळ्यातलं स्वतःचं भिंग तसंच राहू देऊन त्याच्या पुढे, बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे एक मऊ लेन्स सरकवतात, गरज पडली तर काढताही येते.

आता खरा घोळ. जळगावला एका ठिकाणी तपासलं, डाव्या डोळ्याचा एसीडी म्हणजे कॉर्निया आणि भिंग यांच्यामधल्या पुढच्या कप्प्याची खोली ३.३८ मिमी आली, ‘३ च्या वर आहे, काही अडचण नाही, तारीख घ्या’. दोन्ही डोळ्यांचे मिळून दोन लाख वीस हजार. मन मानेना म्हणून नाशिकला दाखवलं, तिथे तोच डोळा २.९१ आणि ‘३ च्या खाली आहे, मी करणार नाही’. महिनाभरात डोळा अर्धा मिलिमीटर कसा आटला? कोणाचं मशीन चुकीचं? घरी आई आधीच म्हणते, “चांगला डोया शेतस, त्यामा काच बसाडी लेशी का?” तिला नाशिकचं सांगितलंच नाही अजून. कोणी केलंय का, माझ्यासारख्या आकड्यावर?

प्रतिसाद, तापीकाठ:
मी चार वर्षांपूर्वी केलं, मायनस अकरा होता. थेंब टाकून बधिर करतात, एका डोळ्याला वीस मिनिटं पण लागली नाहीत, दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर पलंगावरून वाचलं. पण एक कोणी नीट सांगत नाही ते सांगतो, रात्री समोरच्या गाडीच्या लाइटभोवती कडी दिसतात, मला तीन महिने जाणवली, आता लक्ष जात नाही. आणि चाळिशीचा जवळचा चष्मा लागायचा तो लागणारच भाऊ, ही लेन्स तो थांबवत नाही. तुमच्या आकड्यांचं मला कळत नाही.

प्रतिसाद, धुळेकर ऑप्टो:
भाऊ, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज हेच मोजतो. कोणाचंही मशीन चुकलेलं नाही. काही मशीन खोली कॉर्नियाच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून धरतात, काही आतल्या. तुमचा कॉर्निया ४७० मायक्रॉन म्हणजे ०.४७ मिमी. ३.३८ मधून ०.४७ वजा करा.

आयसीएलसाठी धरायची असते ती आतली खोली. म्हणजे २.९१ खरा, आणि जळगावला ‘३ च्या वर’ म्हणाले ते कॉर्निया धरून. आता ३ ची अट अमेरिकेतल्या मंजुरीची, इतर देशांत लेन्सची कंपनी २.८ पर्यंत चालवते, म्हणून तुम्ही काठावर आहात. काठावर म्हणजे नाहीच असं नव्हे, पण तारीख घ्या म्हणण्याइतकं सोपंही नाही. त्यांना वॉल्ट विचारा, बसवलेली लेन्स आणि तुमचं भिंग यांच्यात किती फट राहील असा अंदाज आहे ते. फार कमी राहिली तर मोतीबिंदूची भीती, फार जास्त राहिली तर लेन्स रंगीत पडद्याला पुढे ढकलते आणि डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. लेन्स चारच मापात येते, १२.१ ते १३.७, त्यामुळे माप नीट घेणं हाच अर्धा खेळ. एंडोथेलियल सेल काउंट (कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची मोजणी) केला का? आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा (रेटिना) तपासला का? मायनस पंधराचा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, कुठे पातळ किंवा छिद्र असेल तर आधी लेसरने बंदोबस्त करतात. ऑपरेशननंतर चष्मा जाईल, डोळ्याची लांबी तीच राहील, तेव्हा पडद्याची तपासणी दरवर्षी. अजून एक, मोजायच्या आधी किती दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद होती?

मूळ लेखक:
दादा, कॅल्क्युलेटर काढून वजाबाकी केली. बरोब्बर २.९१. अकाउंटवाला असून मला ही वजाबाकी सुचू नये! दोन्ही कागद महिनाभर एकाच पिशवीत होते आणि मी रोज मशीनला शिव्या देत होतो.

सेल काउंट नाशिकला झालाय, २६५० आलाय, चांगला म्हणाले. पडदा जळगावला थेंब टाकून बघितलाच नाही, नाशिकला बघितला, डाव्या डोळ्यात कडेला पातळ जागा आहे, छिद्र नाही. आणि लेन्सचं म्हणाल तर जळगावला जाताना बसमध्येच काढून डबीत टाकली होती, कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. किती दिवस बंद ठेवू?

धुळेकर ऑप्टो:
मऊ कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर दोन आठवडे, सिलिंडर आहे म्हणून मी तर त्यापेक्षा कमीवर सोडणारच नाही. बसमध्ये लेन्स काढून लगेच मोजलेला नंबर मी कागदावर पण लिहिला नसता.

मूळ लेखक:
बरं. आजपासून डबी बंद. आखाजी (अक्षय तृतीया) झाली की परत नाशिकला मोजून घेतो आणि वॉल्टचा आकडा लिहूनच मागतो, तो इथे टाकेन. जळगावची तारीख फोन करून रद्द केली, तिकडची बाई म्हणाली अॅडव्हान्स परत मिळणार नाही, ते वेगळं भांडण. कोणाचं २.९ च्या आसपास करून चार-पाच वर्षं झाली असतील तर लिहा नक्की, चांगलं-वाईट जे असेल ते.